कासवाचं पिल्लू घरात आलंय: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागला की शेतात, विहिरीच्या काठावर, कधी थेट पडवीत कासवाचं पिल्लू सापडतं. गणपतीत मुंबईहून एखादं पिल्लू प्लास्टिकच्या डबीतून येतं आणि माघी संपली की किनाऱ्यावरून विचारणा सुरू होते. प्रश्न बहुतेक एकच असतो, याला काय घालू? पण त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा, म्हणून सुरुवात तिथूनच.

हे कासव कोणतं, ते कसं ओळखायचं?

पाय बघा. पायांच्या जागी वल्ह्यासारखे पंख असतील तर ते समुद्री कासव, आपल्याकडे जवळजवळ नेहमी ऑलिव्ह रिडले. पिल्लू राखाडी-काळं आणि जेमतेम चार सेंटिमीटरचं असतं.

बोटं आणि नखं असतील तर कवच बघा. कवच कातडीसारखं गुळगुळीत, नाक सोंडेसारखं पुढे आलेलं आणि पोटाखाली मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा, हे आपल्या विहिरी-तळ्यांतलं झडपांचं मऊ कवचाचं कासव. गडद कवचावर डोक्यापासून शेपटीकडे जाणारे तीन कंगोरे दिसले तर ते काळं कासव, तेही इथलंच. फुगीर पाठ आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्या असतील तर स्टार कासव. ते कोरड्या मुलखातलं आहे, कोकणातल्या पावसात ते आपणहून येत नाही. दिसलं तर कुणीतरी आणलेलं असतं, आणि तसं आणणं बेकायदा आहे.

हिरवंगार कवच, अंगावर पिवळ्या रेघा आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते रेड-इअर्ड स्लायडर. हे मूळचं अमेरिकेतलं. दुकानात मिळतं ते हेच. दहा रुपयांच्या नाण्याएवढं असताना विकलं जातं आणि विकणारा हमखास सांगतो, ‘एवढंच राहतं.’ एवढंच राहत नाही.

इथलं कासव असेल तर चार दिवस तरी ठेवू का? मुलांना खूप आवडलंय.

नको. इथल्या कासवांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. मऊ कवचाचं कासव, स्टार कासव आणि ऑलिव्ह रिडले ही तिन्ही त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर या अनुसूचीतल्या प्राण्याबद्दलच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ‘आम्ही प्रेमाने पाळलंय’ हा बचाव होत नाही.

पिल्लू धडधाकट असेल आणि शेताच्या बांधावर सापडलं असेल तर ते हरवलेलं नाही. कासवाची आई अंडी घालून निघून जाते, पिल्लांकडे पुन्हा फिरकत नाही. त्यामुळे ‘आईपासून चुकलंय’ अशी काळजी करू नका. रस्त्यावर असेल तर ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला उचलून ठेवा. जखमी असेल, कुत्र्याने पकडलं असेल, तर हवा खेळेल अशा खोक्यात ओल्या फडक्यावर ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. माणूस येईपर्यंत खायला घालायची गरज नाही.

परसात खणताना अंडी सापडली. आत आणून ठेवली तर जगतील?

जागेवर राहिली तर जगण्याची शक्यता जास्त. अंडी घातल्यानंतर काही काळाने आतला गर्भ कवचाला वरच्या बाजूने चिकटतो. अंडं उलटं झालं की तो मरू शकतो. म्हणून उचललीच असतील तर वरची बाजू वरच ठेवून पुन्हा मातीत झाका आणि कुदळ दुसरीकडे चालवा. बऱ्याच कासवांत अंड्यांच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरतं. ऑलिव्ह रिडलेमध्ये ऊब जास्त मिळाली तर माद्या जास्त निघतात. तांदळाच्या डब्यात किंवा दिव्याखाली अंडी उबवण्याचे प्रयोग करू नयेत.

किनाऱ्यावर समुद्री कासवाचं पिल्लू दिसलं. बादलीत घालून घरी आणलंय, आता?

बादलीतलं पाणी आधी काढा. त्यातही ते नळाचं किंवा विहिरीचं गोडं पाणी असेल तर लगेच. ही पिल्लं अंड्यातला उरलेला बलक पोटात घेऊन निघतात. पहिले काही दिवस ती त्याच शिदोरीवर सलग पोहत किनाऱ्यापासून लांब जातात. बादलीत टाकलं की ती भिंतीला धडका देत तिथेच पोहत राहतात आणि समुद्रासाठीचं बळ बादलीत संपतं.

टोपलीत ओली वाळू घ्या, पाणी अजिबात नको. पिल्लू तिच्यावर ठेवा, वर सावली करा आणि गावातल्या कासवमित्राला (कासवांची अंडी-पिल्लं राखणाऱ्या कार्यकर्त्याला) किंवा १९२६ ला फोन करा. वेळास, आंजर्ले, गुहागर, हरिहरेश्वर, दिवेआगर, वायंगणी अशा किनाऱ्यांवर अंड्यांसाठी हॅचरी, म्हणजे पिल्लं निघेपर्यंत अंडी राखण्याच्या कुंपणातल्या जागा, असतात, तिथल्या लोकांना नेमकं काय करायचं ते ठाऊक असतं. वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास सुरू केलं. आज कोकणातल्या शाळकरी पोरालाही ‘हॅचरी’ कळते, त्याची मुळं तिथे आहेत.

सोडताना पिल्लाला उचलून लाटेत टाकायचं नसतं. वाळूवर ठेवायचं आणि त्याचं त्याला चालू द्यायचं. मोबाइलचा फ्लॅश आणि टॉर्च बंद, कारण पिल्लू उजेडाकडे वळतं.

‘थोडं मोठं करून सोडलं तर जास्त जगेल’ हे मी दर हंगामात ऐकतो. घरी ते होत नाही. खारं पाणी, त्याची स्वच्छता, योग्य अन्न, यातलं काहीही टबात जमत नाही.

नेटवर ‘बॉक्स टर्टल’च्या पिल्लांची भरपूर माहिती आहे. ती आमच्या कासवाला चालेल का?

स्लायडरला ती लावलीत तर त्याचे हाल होतील. अमेरिकेतलं बॉक्स टर्टल मुख्यतः जमिनीवर, जंगलातल्या पालापाचोळ्यात राहणारं. त्याच्या पोटाकडच्या कवचाला बिजागरी असते आणि धोका दिसला की ते स्वतःला पुरतं बंद करून घेतं. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला मात्र हे जमत नाही, बिजागरी काही वर्षांनी काम करू लागते. म्हणून ते पिल्लू सतत लपून राहतं. त्याला ओलसर माती, पानांचा थर, उथळ बशीत पाणी आणि खायला गांडुळं-किडे लागतात. खोल पाण्यात ते बुडू शकतं. स्लायडरचं उलट आहे, तो पोहणारा आहे आणि पाण्यातच खातो.

आपल्या मऊ कवचाच्या कासवाच्या झडपा बघून पुष्कळांना ते बॉक्स टर्टल वाटतं. तसं नाही. कुणाकडे खरंच अमेरिकन बॉक्स टर्टल असेल तर ते आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाच्या यादीतलं आहे आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ती आधी करा, पालापाचोळा मग.

यापुढचं सगळं स्लायडरच्या पिल्लाबद्दल आहे.

नातवाने आणलं आणि गणपती विसर्जनानंतर तो गेला. कासव आमच्याकडे राहिलं. कशात ठेवू?

डबीसोबत मिळणारं, मध्ये प्लास्टिकचं नारळाचं झाड असलेलं भांडं फेकून द्या. पिल्लासाठी दोन-अडीच फूट लांबीचा टब किंवा काचेची टाकी घ्या. पाणी कवचाच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त खोल ठेवा, म्हणजे उलटं पडलं तर त्याला वळून सरळ होता येतं. एका बाजूला पूर्ण कोरडं बसायला जागा हवी आणि तिथे चढायला उतार हवा. त्यासाठी जांभ्याचा तुकडा ठेवू नका. खरबरीत चिऱ्यावर पोटाचं कोवळं कवच घासतं आणि पाणी कायम लाल होतं. नदीतला गुळगुळीत गोटा किंवा सपाट कौल चांगलं. तळाला बारीक खडी पसरू नका, पिल्लं ती गिळतात.

कोकणातल्या घरात अजून दोन गोष्टी लागतात. एक, वर जाळीचं झाकण, कारण मांजर, घुशी आणि कावळे तिघांनाही हा आकार तोंडात मावतो. दुसरी, मुंग्यांचा बंदोबस्त. टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, जशा पूर्वी दुधाच्या कपाटाखाली असायच्या. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या बेंबीजवळ बलकाची लहानशी पिशवी लोंबत असेल तर मुंग्या आधी तिथे जातात. ती पिशवी ओढायची नाही, कापायची नाही. उथळ पाण्यात किंवा ओल्या टिश्यूपेपरवर पिल्लू ठेवलं की ती आपोआप आत ओढली जाते. तोवर ते खाणार नाही, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पाणी कुठलं, आणि किती दिवसांनी बदलायचं?

विहिरीचं चालतं. खाडीजवळच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात, तेव्हा पिल्लासाठी पिण्याचंच पाणी वापरा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर बादलीत रात्रभर उघडं ठेवून मग घाला.

फिल्टर नसेल तर पिल्लाचं पाणी रोज किंवा एक दिवसाआड बदलावं लागतं. खायला वेगळ्या पसरट भांड्यात घातलं तर टाकी बरीच स्वच्छ राहते. वीज गेली म्हणून फिल्टर बंद पडला तर घाबरू नका, थोडं पाणी काढून तेवढंच नवं घाला. बदललेलं पाणी माडाच्या आळ्यात ओता. विहिरीजवळ, ओढ्यात किंवा स्वयंपाकघराच्या मोरीत नको.

हिटर घ्यावा का?

किनाऱ्यालगत बहुतेक वर्षभर गरज पडत नाही. पिल्लाला २५ ते २८ अंशांचं पाणी मानवतं आणि आपल्याकडे खोलीतलं पाणी बरेच महिने त्याच्या आसपासच असतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री, विशेषतः घाटाच्या पायथ्याच्या गावांत, छोटा हिटर उपयोगी पडतो. थंडीत पिल्लू सुस्तावलं की ‘शीतनिद्रा घेतंय’ असं लोक सांगतात. एवढ्याशा पिल्लाला घरात तसं झोपू द्यायचं नसतं, पाणी कोमट करा. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी दिव्यावर करा. का, ते पुढे.

पावसात महिना-महिना ऊन नाही. मग?

कोकणातल्या पिल्लांचा खरा घात इथे होतो. कासवाला अन्नातलं कॅल्शियम वापरायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते मुख्यतः उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांमुळे अंगात तयार होतं. जून ते सप्टेंबर ढग हटत नाहीत, पिल्लू ओल्या टबात, अंधाऱ्या माजघरात. दसऱ्यापर्यंत कवच मऊ पडलेलं असतं आणि मग लोक विचारतात, ‘कासवाच्या विकतच्या दाण्यांत काही खराबी आहे का?’

खिडकीच्या काचेतून येणारं ऊन मोजू नका. काच यूव्हीबी अडवते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात ५ टक्के यूव्हीबीची नळी किंवा दिवा मिळतो. तो बसण्याच्या जागेवर, मध्ये काच किंवा प्लास्टिक न ठेवता, दिवसाला दहा-बारा तास लावा. उंची दिव्याच्या खोक्यावर लिहिलेली असते, तीच पाळा. साधा एलईडी बल्ब हे काम करत नाही. यूव्हीबीचा दिवा दिसायला पेटलेला राहतो, पण सहा महिने ते वर्षभरात त्यातले उपयोगी किरण संपतात, म्हणून खरेदीची तारीख त्याच्यावर लिहून ठेवा. शिवाय बसण्याच्या जागी साधारण ३२ अंश ऊब हवी. ती देणारा दिवा वेगळा लागतो.

उघडीप मिळाली की सकाळच्या कोवळ्या उन्हात पिल्लाला पसरट टबात पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा. अर्ध्या टबावर सावली हवीच. काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, थोड्याच वेळात पाणी इतकं तापतं की पिल्लू मरतं. आणि तुम्ही तिथेच बसून राहा, कारण घार आणि कावळा तुमच्या आत जाण्याचीच वाट बघत असतात.

काय खायला घालायचं? भात, चपाती, बिस्किट खातं का?

देऊ नका. खाईलही कदाचित, पण त्यातून त्याला काही मिळत नाही. पाव आणि दूध तर अजिबात नको.

पिल्लू वाढीच्या वयात जास्त मांसाहारी असतं. पायाभूत अन्न म्हणून कासवांसाठीचे चांगल्या कंपनीचे दाणे, आणि सोबत परसातली गांडुळं (जिथे खत-फवारणी नाही तिथली), डासांच्या अळ्या, गप्पी मासे. ताजी कोलंबी बारीक करून कधीतरी चालेल. सुका जवळा आणि सोडे रोजचं अन्न म्हणून नकोत. दुकानात लाल झाकणाच्या बाटलीतून मिळणारी वाळवलेली कोळंबीही खाऊ म्हणूनच ठीक, नुसत्या तिच्यावर वाढवलेली पिल्लं वर्षभरात आजारी पडतात.

पाला पहिल्यापासून ठेवत चला, पिल्लू सुरुवातीला दुर्लक्ष करेल. जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा कोवळा पाला, तळ्यावर तरंगणाऱ्या बारीक हिरव्या टिकल्या हे उत्तम. गाजर आणि लाल भोपळ्याचा कीस अ जीवनसत्त्वासाठी. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. पिल्लाला दिवसातून एकदा, दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच घाला. ते कायम भुकेल्यासारखं काचेशी येतं. त्याला फसू नका.

कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या का?

आपल्या किनाऱ्यावर त्याहून चांगली गोष्ट फुकट मिळते. पावसाच्या तोंडावर वाळूत पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची हाडं वाहून येतात. ते माकुलाच्या जातीतल्या प्राण्याचं आतलं कवच, समुद्रफेन. जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. गोड्या पाण्यात आठवडाभर, रोज पाणी बदलत भिजवा, म्हणजे मीठ निघतं. उन्हात वाळवा, मागचा कडक पापुद्रा काढा आणि बोटाएवढा तुकडा पाण्यात तरंगत सोडा. पिल्लू लागेल तसं कुरतडतं. शहरात पक्ष्यांच्या दुकानात हेच विकत मिळतं.

कवचाला खोबरेल तेल, हळद लावू का?

नको. कवच जिवंत आहे. तेलाच्या थरावर घाण आणि बुरशी धरते. मोठं होताना कवचाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे सुटतात, ते नैसर्गिक आहे, नखाने सोलायचे नाहीत. मात्र पांढरे मऊ ठिपके, वास किंवा खड्डा दिसला तर ती कवचकूज. डॉक्टरकडे न्या आणि तोवर दिवसातले बरेच तास कोरडं ठेवा. नेलपॉलिशने नाव किंवा स्वस्तिक काढणं हाही प्रकार बघितलाय. त्यावर काय बोलणार!

आजारी आहे हे कसं कळेल?

डोळे सुजून मिटलेले (बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा घाण पाणी), नाकातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, आणि पाण्यात एका अंगाला कलून तरंगणं. शेवटची तीन लक्षणं फुप्फुसाच्या संसर्गाची, पावसाळ्यात सर्रास दिसणारी. यात ‘दोन दिवस बघू’ असं करू नका.

नुकत्या जन्मलेल्याचं कवच दाबलं तर किंचित लवतं, ते चालतं. काही महिन्यांनीही लवत असेल तर ऊन आणि कॅल्शियमच्या प्रश्नावर परत जा.

लहान मुलांनी हाताळलं तर चालतं का?

कासव निरोगी दिसत असलं तरी त्याच्या अंगावर साल्मोनेला हे जुलाब-ताप आणणारे जिवाणू असू शकतात. मुलं पिल्लू तोंडाशी नेतात, म्हणून अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना, गरोदर बाईला आणि आजारी-वृद्धांना दूर ठेवलेलं बरं. बाकीच्यांनी साबणाने हात धुवावेत. टाकीचे तांबे-ब्रश वेगळे असावेत आणि कासव देवघराच्या ताम्हनात पोहायला सोडू नये.

कासवाने लक्ष्मी येते म्हणतात. वीस नखी कासवाचं काय?

देवळात देवासमोर कूर्म असतो, तो दगडाचा. जिवंत कासव ठेवून पैसा आल्याचं काही उदाहरण नाही, पैसा गेल्याची मात्र आहेत. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो असं सांगून फसवणारे कोकणातही फिरतात, आणि त्यापायी स्टार कासवं तस्करीत सापडतात. नखं मोजायचीच असतील तर ओळखीसाठी मोजा. स्लायडर आणि स्टार कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, म्हणजे अठरा. मऊ कवचाच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा.

खूप मोठं झालं. देवळाच्या तळीत किंवा विहिरीत सोडू का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. स्लायडर जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० परकीय आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली. तळीत सुटलेला स्लायडर इथल्या कासवांची बसायची जागा आणि अन्न बळकावतो आणि परके आजार घेऊन येतो.

विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून कासव सोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे. ते इथलंच मऊ कवचाचं असलं तरी उभ्या चिरेबंदी विहिरीत त्याला ना ऊन घ्यायला काठ, ना अंडी घालायला माती. स्लायडरचंही तेच, शिवाय पूर आला की ते विहिरीतून बाहेर.

मादी कवचाने २५ ते ३० सेंटिमीटरची होते, तिला तीन-चारशे लिटरची टाकी लागते. आयुष्य वीस ते तीस वर्षं, चांगल्या देखभालीत त्याहून जास्त. साठीच्या आजोबांकडे ठेवलेलं पिल्लू कोण सांभाळणार हे घरात बसून ठरवा, आणि ते विकत घेण्याआधी ठरवलेलं जास्त बरं. अगदीच जमत नसेल तर सांभाळण्याची तयारी असलेलं दुसरं घर शोधा किंवा प्राणी-बचाव संस्थेला विचारा. काही संस्था घेतात, काही जागेअभावी घेत नाहीत.

आमच्या तालुक्यात कासवाचा डॉक्टर नाही. गुरांच्या डॉक्टरांना दाखवू का?

दाखवा, काहीच न करण्यापेक्षा ते बरं. पण एक गोष्ट स्वतःहून सांगा. गुरांना आणि कुत्र्यांना जंत-गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला घातक आहे. ते देऊ नये, अगदी थोडंही नाही. डॉक्टरांना मुंबई-पुण्यातल्या एक्झॉटिक (कासवासारख्या वेगळ्या पाळीव) प्राण्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायची विनंती करा, बरेच जण आनंदाने बोलतात. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करता येईल.

नेताना पाण्याच्या डब्यातून नेऊ नका. हेलकाव्यांत आजारी पिल्लू पाणी ओढतं. भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं, त्यावर पिल्लू, आणि डबा एसीच्या झोतापासून लांब. सोबत दिव्याचा, टाकीचा आणि दाण्यांच्या पाकिटाचा फोटो न्या, कारण डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.